फलटणची बाई

अंजनावैनी सकाळी मेंढवाड्यात गेली ती सरपंचाला मका घालायला. सरपंच म्हणजे मेंढा. माडग्याळी जातीचा, बिनशिंगी, पोपटाच्या चोचीगत बाकदार नाकाचा. आमच्या जत तालुक्यात त्याच्या तोलाचा दुसरा नव्हता. गावच्या खऱ्या सरपंचाला या नावाचा राग होता, पण मेंढा बघायला लांबलांबनं गाड्या यायच्या आणि खऱ्या सरपंचाला बघायला कुणी येत नव्हतं, त्यामुळं तो गप्प होता.

मेंढा उभा होता. त्याच्या पायाशी वैनीचा नवरा मल्हार पडला होता. पायजमा गुडघ्यावर उतरलेला, मांडीवर रक्ताचा टिकला, अंग घामानं निथळतंय, आणि मुठीत जनावरांच्या डॉक्टरची ती जाडजूड सुई.

वैनीच्या हातातली पाटी सुटली. मेंढ्यानं सांडलेला मका खायला घेतला. वैनीनं नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"आवं, काय केलंसा ह्ये? ईख टोचून घेतलंसा काय?"

मल्हारचे ओठ हलले. "ईख न्हाई. मेंढ्याचं हाय."

"मेंढ्याचं काय?"

"ताकदीचं."

वैनीला काही कळेना. मागं सरपंच मेंढ्यांकडं बघेनासा झाला होता तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं त्याला एक इंजेक्शन दिलं होतं. आठवड्यात गडी कुंपण तोडायला लागला. त्यातलीच एक बाटली उरली होती, ती फळीवर होती. आता ती रिकामी होऊन शेणात पडली होती.

"तुमास्नी कशाला पायजे मेंढ्याची ताकद?" वैनी ओरडली.

मल्हारनं डोळे मिटले.

ही अंजनावैनी विट्याकडची. अंगानं काटक, चालणं असं की कुत्रं मागं लागलं तरी कुत्रंच दमेल. तिला खोटं बोलता येत नाही. याला मी गुण म्हणणार नाही, खोड म्हणेन. एसटीत बसली तर कंडक्टरला घरातली आमटी खारट झाली इथपर्यंत सांगते. ही सगळी हकिगत तिनं आमच्या सोप्यात बसून, माझ्या आईसमोर, चहा फुंकत सांगितली. मी म्हटलं, वैनी, ह्ये लिवलं तर चालंल का? तर म्हणाली, "लिव की. लपवून काय लोणचं घालायचंय?"

मागं तीन-चार वर्षांपूर्वी मल्हारनं सरपंच विकत घेतला आणि आपली खाट उचलून मेंढवाड्यात टाकली. एवढा मोलाचा मेंढा, रात्रीचं कुणी पळवून नेईल, म्हणून. लोकांना पटलं. मेंढ्यांच्या चोऱ्या होतातच. पोरं चेष्टा करायची, "अंजनावैनीला सवत आली गड्या, बिनशिंगाची." वैनी पण हसायची. लेक कडेगावला दिलेली, घरात तिघंच: ती, मल्हार आणि सासू अंबूबाई.

पण खाट उन्हाळ्यात तिथं, पावसात तिथं, थंडीत पण तिथंच. मग एक दिवस अंबूबाईनं भाकरी थापता थापता सुनेला सांगितलं, "ह्येच्या बापाची बी हीच तऱ्हा हुती. खाट भाईर गेली की समजायचं, फलटणला बाई हाय."

आमच्याकडच्या धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर फलटणकडं निघतात. तिकडं पाणी, ऊस, हिरवा पाला. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं, यांना धान्य मिळतं. मल्हार पण अधनंमधनं तिकडं जाऊन यायचा, आणि त्याचा बाप तात्याबा तर दरसाल जायचा. तात्याबाची तिकडं कुणी बाई आहे हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. तिला बघितलं कुणीच नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. अंबूबाई तर तरणी असताना एकदा खुरपं घेऊन फलटणला गेली होती. वस्त्या पालथ्या घातल्या. बाई सापडली नाही. म्हातारी अजून म्हणायची, "सगळ्या गावानं मिळून लपवली रांडंला."

म्हणून वैनीनं मल्हारला एकदा सरळच विचारलं, "फलटणला कोण हाय का तुमचं?"

मल्हार खाली बघून म्हणाला, "असंल कोणतरी."

बास. वैनीनं भावांना फोन लावला. थोरला भाऊसो आणि धाकटा वीरधवल, दोघं तेव्हा मेंढरं घेऊन बाहेर होते. ते म्हणाले, गुढीपाडव्याला बिरोबाच्या जत्रेला सगळे गावाकडं येतो, तेव्हा बसू. तुझा काय निकाल लावायचा तो लावू. नाहीतर तुला घेऊन जाऊ. म्हणजे संसार पाडव्यापर्यंतचा. पुढचं मेव्हण्यांच्या हातात.

आणि संक्रांत झाल्यावर मल्हार असा मेंढ्याच्या पायाशी सापडला.

जतच्या दवाखान्यात डॉक्टरनं बाटली बघितली आणि डोक्याला हात लावला. "हे माणसाला नसतं हो. का टोचलं? खरं सांगा, नाहीतर मी औषध कशावर देऊ?"

वैनी पडद्याच्या अलीकडं उभी होती. मल्हार भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "जमंना झालंय."

"काय जमेना?"

"तुमचं लगीन झालंय न्हवं, डॉक्टर?"

"झालंय."

"मग ईचारू नगा."

डॉक्टरनं स्टूल जवळ ओढलं. मग हळूच म्हणाला, "कधीपासून?"

"सरपंच घेतला त्येच्या आदीपासनं."

"मेंढ्याचा काय संबंध?"

"घरातनं भाईर निजाया काय तरी सबब पायजे हुती. म्हणून तर मेंढा घेतला."

वैनीच्या कानात शिट्टी वाजली. तालुक्यात नावाजलेला मेंढा, ज्याच्यासाठी तिनं स्वतःच्या पाटल्या मोडायला दिल्या, ज्याला ती रोज मका भरवत होती, तो मेंढा म्हणजे नवऱ्यानं आपल्या खाटेभोवती घातलेलं कुंपण होतं. आणि दुसरं असं की, ती फलटणची बाई. वैनीनं एवढ्या वर्षांत त्या बाईला मनातल्या मनात चेहरा दिला होता, नाकात मोरणी दिली होती, दारात म्हैससुद्धा बांधून दिली होती. रोज रात्री तिला शिव्या घालूनच वैनीला झोप लागायची. ती आता एकाएकी राहिलीच नाही.

वैनी पडद्याआडून म्हणाली, "मग ती फलटणची?"

आतनं आवाज, "कोण न्हाई."

"मग असंल कोणतरी, असं का म्हणलासा?"

मल्हारनं चादर तोंडावर ओढून घेतली.

टोचल्या जागी मांडीला पुढं गळू धरलं, ते चिरून काढावं लागलं. ते झाल्यावर जतच्या डॉक्टरनं सांगलीचा पत्ता दिला. म्हणाला, तिथं एक डॉक्टर आणि एक मॅडम जोडीनं बसतात. दोघांनी मिळून जायचं.

"मॅडम?" मल्हार म्हणाला. "ह्यात मॅडमचं काय काम?"

"बायकूचं काय काम हाय, त्ये ईचारा आदी," वैनी म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर आर्जव, तासगावकडचा, घरच्या द्राक्षबागा. आणि शेजारच्या खुर्चीत चंदनबाला मॅडम. वैनी सांगत होती, "मला वाटलं ही बाई मंदिराची वर्गणी मागाया आलीया. केस पांढरं, गळ्यात बारीक मनी, बोलनं हळू. आन् तोंड उघडलं की मी चटका बसल्यावानी सरकले."

मॅडम सरळ बोलत होत्या. आजार कुठला, शरीरात काय होतं, मनात काय होतं, कुठला शब्द कशाला. पावसाचा अंदाज सांगावा तशा सांगत होत्या. मल्हारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं खुर्चीखाली पायानं चपला शोधायला सुरुवात केली. वैनीनं आपला पाय त्याच्या चपलेवर ठेवला.

"पहाटे जाग येते तेव्हा आपोआप ताठरपणा येतो का?" मॅडमनी विचारलं.

मल्हारनं भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तर दिलं. "यायचा. आता लय दिसं झालं, न्हाई येत."

डॉक्टरनं काहीतरी लिहिलं. मॅडम वैनीकडं वळल्या. "आणि तुम्हाला काय वाटत होतं एवढे दिवस?"

"मला?" वैनी गडबडली. तिला हे कुणी विचारेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "मला वाटत हुतं, मी आता म्हातारी झाले. फलटणची तरणी असंल."

मल्हारनं पहिल्यांदा कॅलेंडरवरची नजर काढली.

मग मॅडमनी आजाराचं सोडून दुसरंच काढलं. दिवस कसा जातो, मेंढरं कुठं चारता, डोंगर चढता का. मल्हारला हायसं वाटलं. मेंढरांबद्दल तो तासभर बोलेल. म्हणाला, चढतो की, रोज टेकडी चढतो.

"मदीच बसत्यात," वैनी म्हणाली.

"मेंढरं मोजाया बसतो."

"आवं, आदी कवा मोजत नव्हता. आता निम्म्यात बसून छाती चोळत मोजत्यात."

मॅडमनी डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"छाती चोळता?"

"वायगोळा हाय त्यो," मल्हार म्हणाला.

"वडील आहेत?"

"न्हाईत. मेंढवाड्यातच गेलं. सकाळी उठलंच न्हाईत."

"वय काय होतं?"

मल्हारनं जरा विचार केला. "माज्याएवढंच असंल."

मग डॉक्टर खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "मल्हारराव, तुमच्याकडं ठिबक आहे ना? नळीत क्षार धरायला लागले की आधी काय चोंदतं, मोठा पाइप का बारकी नळी?"

"बारकी."

"तसंच आहे. खालच्या रक्ताच्या नळ्या बारीक. त्या आधी चोंदल्या. छातीतल्या त्याहून मोठ्या, त्या मागून चोंदतात. तुमचं हे जमत नाही ना, ही शरीरानं आधी दिलेली खबर असू शकते. आज तुम्ही एकटे येऊन नुसती ताकदीची गोळी मागितली असती आणि मी दिली असती, तर पुढचं मला बोलायचं नाही. गोळीचं मग बघू. आधी छाती."

मशीनच्या पट्ट्यावर चालवलं तर मल्हार अर्ध्यातच पांढरा पडला. रक्तातली साखर तर चहात घालायजोगी. मिरजेला नेऊन तपासलं, छातीतली मोठी नळी जवळजवळ बंद. दोन दिवसांत तिथं स्टेंट बसवला. वैनी दवाखान्याच्या जिन्यात बसून होती. तिला सारखं एकच दिसत होतं: सरपंच उभा आहे, पायाशी नवरा पडलाय, आणि तो मुळीच उठत नाही.

मग परत सांगली. आता डॉक्टर साखर आणि रक्तदाब बघायचा, आणि मॅडम दोघांना समोर बसवायच्या. मल्हारला वाटलं, आता गोळी मिळणार. मॅडम म्हणाल्या, "आता काही दिवस तुम्ही दोघांनी ते करायचंच नाही."

"न्हाई?"

"अजिबात नाही. खाट घरात आणायची. रोज थोडा वेळ एकमेकांच्या जवळ बसायचं. हात धरायचा, पाठीवरनं हात फिरवायचा. त्यापुढं जायचं नाही. मनात आलं तरी नाही. जमेल का न जमेल ही परीक्षाच काढून टाकायची."

मल्हारला धक्का बसला. एवढ्या लांब येऊन, एवढ्या तपासण्या करून, करू नका म्हणून सांगायचं? पण वैनी तोंडाला पदर लावून हलायला लागली. मॅडमना वाटलं रडतेय.

"सरपंचाला लंगोट!" वैनीला हसू आवरेना. "आवं, ह्यो तर सरपंचाला लंगोट!"

मॅडमना समजेना. मग वैनीनं सांगितलं. दुष्काळाच्या दिवसांत मेंढ्या व्याल्या तर कोकरं जगत नाहीत. म्हणून तेवढे दिवस नराच्या पोटाखाली कापड बांधतात. तो कळपातच राहतो, हुंगतो, फिरतो, पण काम नाही. सोडला की मग बघायला नको. "आता आमच्या मालकास्नी कापड बांधा, मॅडम!"

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतनं डॉक्टर उठून आला. त्याला सांगितलं तर तो पण भिंतीला टेकला. मल्हार आधी ओशाळला, आणि मग त्यालाही फुटलं. वैनी म्हणाली, "लय वर्सांनी त्येंचं दात बघितलं."

खाट घरात आली. हात धरायचा धडा सुरू झाला. "लगनात धरला हुता त्येवढाच. लय खरबरीत हाय," एवढंच वैनी त्याबद्दल बोलली. मधनं मल्हार चिडायचा, मधनं उठून मेंढवाड्याकडं जायचा, साखर वाढली की डॉक्टर रागवायचा. मग गोळी पण आली, छातीचं सगळं बघून, मोजून. थोडं जमलं, थोडं नाही जमलं. पण खाट पुन्हा बाहेर गेली नाही.

एवढ्यात पाडवा आला.

वैनीनं भावाला फोन करून सांगितलं होतं, येऊ नका, मिटलंय. त्यावर भाऊसो म्हणाला, "धमकावलं असंल तुला त्येनं. आता तर येतोच." जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप येणार असा निरोप आला.

त्या सकाळी मल्हारनं वैनीला गोठ्यामागं बोलावलं. तोंड उतरलेलं. म्हणाला, "अंजे, त्येंला सांग, फलटणला बाई हुती. आता सोडली म्हण. मी त्येंच्या पाया पडतो, पायजे तर."

वैनी बघतच राहिली. "न्हाई त्या बाईचा आळ घेनार?"

"बाई हुती म्हणलं तर चार शिव्या देत्याल, दोन कानाखाली देत्याल. मानूस बाप्याच ऱ्हातू. ह्ये कळलं तर जत्रंत हसत्याल. सरपंचाकडं मेंढ्या फळवाया घेऊन कोण यील का माज्या दारात?"

"म्हंजी मला सवत पायजे, तुमची अब्रू ऱ्हावी म्हणून?"

"नसलेली सवत, अंजे. तिचा काय तरास हाय तुला?"

एवढं ऐकल्यावर वैनीला खरं काय ते कळलं. तिला तोवर वाटत होतं, नवरा तिच्यापासून आजार लपवत होता. तो तर तिच्या डोळ्यांदेखत एक बाई उभी करून त्या बाईच्या पदराआड लपला होता. त्या बाईपायी ती किती रात्री जळली याचा हिशोब त्यानं धरलाच नव्हता. आणि आत्ता पुन्हा तेच मागत होता. तेवढ्यात जीप वाजली.

अंगणात घोंगडी टाकली. भाऊसो मिशीवर हात फिरवत बसला, वीरधवल त्याच्या मागं. उंबऱ्यात अंबूबाई लसूण सोलत बसली. पलीकडं सरपंच दावणीला.

"दाजी," भाऊसो म्हणाला, "नाव सांगा, गाव सांगा. कोण हाय ती?"

मल्हारनं खाकरून घसा साफ केला. "ती... फलटणची..."

"गप बसा तुमी," वैनी म्हणाली. पदर खोचला आणि उभी राहिली. "बाई न्हाई, दादा. कवाच नव्हती. ह्येंला आजार हुता. खाटंवरचं जमत न्हवतं. लाजंपायी भाईर निजत हुते. मेंढ्याचं इंजेक्शन टोचून घेऊन मरत हुते. सांगलीत डॉक्टर आन् मॅडमनी मिळून बघितलं, तर छातीतली नळी बंद. त्ये आदी झालं म्हणून ह्ये घावलं. न्हाईतर आज तुमी माज्या कपाळाचं कुकू पुसाया आला असता."

एका दमात बोलली. गल्लीतल्या दोन बायका कुंपणाला लागून उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. मल्हार घोंगडीवर बसल्या जागी लहान झाला.

भाऊसोची बोटं मिशीवरच थांबली. त्यानं मल्हारकडं बघितलं, मग उगंच मेंढ्याकडं बघितलं. मागं वीरधवल फिसकन हसला.

"हास रं, हास," वैनी म्हणाली. "तू घरी असलास की तुजी खाट कुटं असती? तुजी बायकू मला फोनवर सांगत हुती, टेरेसवर. वारं लय गोड लागतं म्हनं तुला."

वीरधवलनं तोंड मिटलं. भाऊसोनं मान वळवून धाकट्याकडं बघितलं, तर तो जीपकडं बघत होता.

तेव्हा उंबऱ्यातनं आवाज आला. "अंजे."

अंबूबाई. हातात अर्धी सोललेली लसणाची पाकळी.

"डॉक्टरनं ह्येच्या बापाचं ईचारलं का गं?"

"ईचारलं, आत्या."

"काय म्हणला?"

वैनीनं एकदा मल्हारकडं बघितलं. पण तिला खोटं बोलता येत नाही. "म्हणलं, मामंजीस्नी बी ह्योच आजार असंल. आदी ह्ये झालं असंल, मागनं छाती."

म्हातारी लसणाच्या पाकळीकडं बघत राहिली. "मी ईचारलं हुतं त्येला. चुलीम्होरं. फलटणला बाई हाय का म्हणून. मान खाली घालून व्हय म्हणला."

मल्हारनं डोकं वर केलं.

"मेला तवा म्या तोंडात पानी घातलं न्हाई," अंबूबाई म्हणाली. आवाज कोरडा. "चुलत्यानं घातलं. म्हणलं, तिला यिऊन घालू दे. वाटंकडं बगत हुते मी. सगळा मुलूख आला. ती आली न्हाई. म्हणलं, लय निगरगट्ट दिसती."

तिनं लसूण खाली टाकला. "खुरपं घिऊन गेलते. ईस वस्त्या हिंडले. कुटं घावनार हुती? हुतीच कुटं?"

मल्हार उठायला गेला. म्हातारीनं हातानंच त्याला बस म्हणून सांगितलं. गुडघ्यावर जोर देऊन उठली, घडवंचीवरच्या हंड्यातनं तांब्या भरला आणि अंगण ओलांडून मेंढवाड्याकडं चालली. जिथं तात्याबाची खाट असायची, तिथंच आता सरपंच बांधलेला असतो. मेंढ्यानं पाणी बघितलं आणि मान लांब करून तांब्यात तोंड घालायला आला.

म्हातारीनं त्याच्या नाकावर चापट मारली. "व्हय तिकडं. तुला न्हाई."

आणि पाणी जमिनीवर ओतलं, सावकाश, तांब्या पालथा होईपर्यंत.